आकडीवाला

लातूरला नातीच्या कॉलेजात पेट्रोल अन् बॅटरी दोन्हीवरच्या रेसच्या गाड्या पळत होत्या. एक गडी दिवसभर लांब आकडी घेऊन उभा. गाडी थांबली की रबरी हातमोजे घालून हाच पुढं; गाडीवरचा हिरवा दिवा लागेस्तोवर कुणाला शिवू देईना.

म्हणलं, "शेळ्यायला पाला पाडायलास का?"

हसला. "कुणी करंटला चिकटलं तर ह्यानं वढायचं, काका. हातानं न्हाई."

माझी बायको कूलरला चिकटली तवा मी हातानंच धरलं. मी फेकला गेलो, ती गेली. त्याला सांगितलं.

"आपल्या माणसाला आधी हातच जातो, काका. म्हणून तर मला परक्याला उभं केलंय."

आमची बांबूची आकडी ती गेली त्या दिवशी दारामागंच होती. आता कूलरपाशी टांगलीय. सुनंला म्हणलं, मी चिकटलो तर हातानं धरू नगं, बाई.