अण्णांचे चालते खांब

नकाशे काढणाऱ्याच्या घरात रुमाल विकत आणत नाहीत. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या एका बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन होते. तिथले नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर निघत. खळ लावून कडक केलेलं ते कापड कढत पाण्यात भिजवलं, की खळीबरोबर शाईही सुटते आणि खाली उरते लोण्यासारखी मऊ मलमल. बाद झालेले नकाशे अण्णा घरी आणत आणि आई त्यांचे रुमाल, अभ्रे शिवायची. माझ्या परकराच्या अस्तरावर कुठल्याशा दवाखान्याचा जिना पुसट दिसायचा.

असल्याच एका कापडावर अण्णा दर रविवारी चित्र रंगवत. कचेरीतल्या जाड इंग्रजी पुस्तकात ग्रीक देवळं होती, त्यांच्या गोष्टी होत्या, आणि त्या अण्णांच्या डोक्यात शिरल्या. आमच्या बंगळूरच्या लाल हायकोर्टाला आहेत तसे उंच खांब चित्रात होते, पण पाय फुटलेले, रांग मोडून निघालेले. एकाच्या पायात तर तोडे! पायरीवर बैलाच्या तोंडाचा माणूस मांडी घालून बसलेला. पंखांचा निळा घोडा जटक्याला, म्हणजे आमच्याकडच्या टांग्याला, जुंपलेला. जांभळ्या आकाशाखाली एक बाई स्वतःच्या डोक्यावरच्या सापांची वेणी घालत होती.

"ही मीच ना?" आई विचारायची.

"छे ग! हिचे साप तरी गप्प आहेत," अण्णा म्हणायचे.

मला त्या चित्राचा भारी राग. साठ सालच्या आसपास पहिल्या बाळंतपणाला मी सासरहून, आनेकलहून, माहेरी आले, तेव्हा अण्णा बसस्टँडवर घ्यायला येणार होते. आलेच नाहीत. पोट सांभाळत तासभर ट्रंकेवर बसले आणि शेवटी एकटीच जटका करून घरी गेले. तर हे आपले घोड्याच्या पंखात निळा भरताहेत! वर म्हणतात, "स्वल्प थांब ग, रंग ओला आहे." मी मेले काय नि जगले काय, ह्यांना रंगाची पडलेली. चार दिवस मी बोलले नाही.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या ड्रॉइंग मास्तरांनी चित्र पाहिलं आणि रविवारी टाउन हॉलात प्रदर्शन आहे, तिथं लावतो म्हणाले. अण्णांना जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी कोटाला इस्त्री करवून आणली. चित्र कोरडं राहावं म्हणून गुंडाळून बाद नकाशांच्या पेटीत ठेवलं.

आमच्यात बाळ यायच्या आधी त्याचे कपडे शिवत नाहीत, कापड धुऊन ठेवायला मात्र हरकत नसते. शनिवारी आई म्हणाली, "पेटीतल्या गुंडाळ्या भिजत घाल." मी न उलगडता सगळ्या घंगाळात टाकल्या आणि वरून कढत पाणी ओतलं.

पाणी जांभळं झालं. नकाशांची शाई काळी असते, त्यामुळे मला लगेच कळलं. काठीनं कापड वर उचललं. आकाश गेलं होतं, पण खांब होते, घोडा होता, त्या बाईची अर्धी वेणी होती. तसंच दोरीवर टाकलं असतं तर बरंच वाचलं असतं. पण मला तो बसस्टँड आठवला. मी काठी खाली नेली आणि दाबून धरली.

संध्याकाळी अण्णा दोरीवरच्या पांढऱ्या कापडासमोर उभे राहिले.

"भिजवताना दिसलं नाही का ग?"

"नाही अण्णा."

"सरी, असू दे," ते म्हणाले. "चूक माझीच. मीच पेटीत ठेवलं."

मास्तरांना त्यांनी निरोप धाडला, चित्र नीट साधलं नाही म्हणून. पुन्हा रंग हातात घेतला नाही. ते जाईपर्यंत मी खरं सांगितलं नाही, आणि आता सांगून कुणाला सांगू?

मुलगी झाली. त्या कापडाचं झबलं अण्णांनी हट्टानं तिला घालायला लावलं. पाठीवर एका खांबाची फिकट रेघ राहिली होती. नातीला मांडीवर घेऊन ते त्या रेघेवरून बोट फिरवत आणि आल्यागेल्याला बजावत, "चित्राचं काही विचारू नका हं माझ्या लेकीला. फार मनाला लावून घेतलंय बिचारीनं."

मी तिथंच बसलेली असे.