लिहिलंय तेवढंच करणारे सर

सलमाभाभींचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. मोटारपंपांचे सुटे भाग विकणाऱ्याला हुज्जतीशिवाय जेवण पचत नाही. पावण्यांचं म्हणणं, वॉशर मी चुकीचा दिला. माझं म्हणणं, त्यांनीच तो उलटा बसवला. "भाभी, पाच मिनिटांत लावतो," म्हणून मी फोन कापला आणि भांडण पूर्ण केलं. जिंकलोही. मग विजयी मुद्रेनं फोन लावला, तर भाभी म्हणाल्या, "अरुणभाऊ, सर गेले..." मुजावरसर. भाभींचे यजमान, नेसरीच्या शाळेतले माझे मराठीचे मास्तर, आणि गेली तीन वर्षं माझ्या मुलीचे, रेवाचे. त्याला आता काही आठवडे झाले. दुःख हळूहळू ओसरतं म्हणतात. ओसरत असेल. माझ्यापर्यंत दुःख अजून पोचलेलंच नाही. मला आलाय तो संताप, आणि तो मुख्यतः सरांचाच.

रेवा घरी शिकायला लागली ती माझ्या पराक्रमामुळे. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, मध्ये प्रोजेक्ट, असं करून करून आठवीच्या शेवटी पोरगी जेवतानाही बोलेनाशी झाली होती. मी तावातावानं शाळेत गेलो. गेलो होतो भांडायला आणि आलो दाखला घेऊन. बायकोनं, सुजातानं, दाखल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं. आता शाळा कुठं काढताय, दुकानाच्या माळ्यावर?" पण पोरगी त्या दिवशी दोन चपात्या जास्त जेवली, तेव्हा सुजातानंच दाखला कपाटात ठेवून दिला. पुढं मुक्त विद्यालयात नाव घातलं. गणित सुजातानं घेतलं, विज्ञान व्हिडिओंवर सोडलं, आणि मराठीच्या बाबतीत मी छातीठोकपणे जाहीर केलं की, घरात बोलतो तीच भाषा, तिला काय शिकवायचं? वर्षभरानं रेवाची उत्तरं वाचली. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच कुठंतरी उतरून जायचं. कोण करतंय, कुणाला करतंय, कधी करतंय, कशाचा पत्ता नाही. मुलीला समजत होतं सगळं, पण दुसऱ्याला समजेल असं सांगता येत नव्हतं. आठवीपर्यंतचं व्याकरण वर्षभरात गंजलं होतं.

राजारामपुरीत आमच्या मागच्याच गल्लीत सर निवृत्त होऊन राहत होते. त्यांच्यासमोर उभा राहिलो तर पाय आपोआप जुळले. "तुझ्या पोरीला व्याकरण शिकवू?" सर म्हणाले. "लेका, तुला शिकवताना माझं निम्मं डोकं पांढरं झालं. उरलेलं तुझ्या पोरीला द्यायचं व्हय?" मी म्हटलं, "सर, ती आईवर गेलीय." "मग शनवारी येतो," म्हणाले. वर्गात सर छापील मराठी बोलायचे. घरी मात्र अस्सल कोल्हापुरी.

त्यांची पद्धत विचित्र होती. व्याकरणाचं पुस्तक नाही, नियम पाठ करणं नाही. रेवानं घरातलं एक काम कसं करायचं ते लिहून काढायचं, आणि सरांनी ते करायचं. फक्त लिहिलंय तेवढंच. विचारायचं नाही, मनानं भर घालायची नाही. "आजपासून मी मठ्ठ," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रेवानं लिहिलं, "बाल्कनीतून कुंडी आणा आणि ती धुऊन घ्या." सरांनी कुंडी आणून दिवाणखान्यात ठेवली, परत गेले आणि बादलीभर पाणी ओतून बाल्कनी धुतली. खाली घाटगेकाकूंचं वाळवण होतं. "कोण हाय रं वर? डोळं फुटलं काय?" काकू कडाडल्या. सर कठड्यावरून वाकून म्हणाले, "वहिनी, मी हुकमाचा ताबेदार हाय. वाक्य वाचून दाखवू काय?" काकूंनी वाक्याला आणि वाक्य लिहिणारीला काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. त्यानंतर, काकूंचे पापड पुन्हा करून देताना, सर रेवाला म्हणाले, "आता सांग, सर्वनाम म्हंजे काय?" ते ती जन्मात विसरणार नाही.

मलाही खुमखुमी आली. म्हटलं, एवढं काय त्यात, मी लिहितो. माझा मेव्हणा संजय त्या दिवशी नाश्त्याला यायचा होता. राजारामपुरीत त्याचा मोठा क्लास आहे, आणि भाचीला घरी बसवलं म्हणून तो माझ्यावर कायमचा चिडलेला. मी झोकात पोह्यांची कृती लिहिली. त्यात ‘मीठ चवीपुरते’ असं एक वाक्य होतं. सर हातात मीठ घेऊन थांबले, कागद पुन्हा वाचला आणि मीठ बरणीत परत टाकलं. "क्रियापद न्हाय. घाला म्हणतोस, की दाखवा म्हणतोस? आणि चव कुणाची?" संजयनं अळणी पोहे खाल्ले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाजी, व्याकरण चार मार्काला असतं. त्यासाठी हे सोंग? पोरीचं वाटोळं करताय." सर शांतपणे म्हणाले, "चार मार्काचं मीठ न्हवतं, तर तोंड कसं झालं बघा तुमचं."

अशी तीन वर्षं. रोज सकाळी दहा ओळी, दुसऱ्या दिवशी त्याच मोठ्यानं वाचायच्या, अडखळेल तिथं दुरुस्त करायच्या, आणि शनिवारी सर. दहावी झाली, अकरावी झाली. रेवाचं लेखन आता असं झालं होतं की, तिनं लिहिलेल्या कागदावरून सुजाताच्या आईनं एकटीनं पंपाचा स्टार्टर चालू केला. माझ्या दुकानातल्या पोरांना मी हे तोंडी सांगून कधी जमलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका शनिवारी सर म्हणाले, "आता मोठं काम घे. रस्त्यावरनं तुमच्या दारापर्यंत कसं यायचं ते लिही. चांगलं ऐसपैस लिही." आम्ही तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. रेवानं लिहिलं. सरांनी त्यात सुधारणा सुचवल्या. "पहिल्या मजल्यावर नुसतं चढा काय म्हणतेस? वाटसरूला जरा थांबव. खिडकी हाय, बाहेर काय दिसतं ते बघायला सांग. दुसऱ्यावर कठडा धरायला सांग, तिथल्या रोपांना पानं किती ते मोजायला सांग." रेवाला मजा वाटली. तिनं थांबे वाढवले, वर्णनं घातली, आणि पुढच्या शनिवारपासून सर तो कागद हातात धरून, वाक्यागणिक थांबत, खिडकीतून बघत, पानं मोजत वर यायला लागले. आम्ही दारात उभं राहून हसायचो. मी तर वरून ओरडायचो, "सर, मोजायला चुकला असाल, परत खाली जा!"

सरांना माती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी रेवाला घेऊन भाभींकडं बसलो होतो. भाभी सहज बोलल्यासारखं बोलल्या, "डॉक्टरनं जिना बंदच केलता त्यांना, दिवाळीच्या आधी. म्हणाले, हार्ट दमलंय. मी म्हटलं, पोरीला इकडं बोलवा. तर म्हणे, तिला कळलं तर ती मला जपंल, आणि जपायला लागली की शिकायची बंद हुईल." मी रेवाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही.

तर माझा राग हा आहे. तुम्ही आम्हाला फसवलंत, सर. माझ्या पोरीच्या वाक्यांची काठी करून जिना चढलात, आणि ती काठी आहे हे तिला सांगितलं नाहीत. मी वरून थट्टा करत होतो ती तुम्ही करू दिलीत. आम्ही खाली आलो नसतो? मी तुम्हाला दुकानातल्या पंपासारखं खांद्यावर घालून आणलं नसतं? "मी लिहिलं, पप्पा," भाभींकडून परतताना रेवा म्हणाली. "मी लिहिलं म्हणून ते चढत होते." त्या दिवसापासून तिनं पेन हातात घेतलं नाही. बारावीची परीक्षा तोंडावर, आणि पोरगी कागदाकडं बघेना. रोजच्या दहा ओळी बंद. बोलायचं तर हो-नाही एवढंच. आठवीच्या शेवटी होती तशी.

त्यात शोकसभा. संजयच्याच क्लासच्या हॉलमध्ये, कारण जागा त्याची आणि माइकही त्याचा. व्याकरणाला चार मार्क म्हणणारा माणूस सरांना भाषेचा तपस्वी म्हणाला. त्यापाठोपाठ वक्ते उठले, आणि एकेकजण तेच दळण दळायला लागला : मुसलमान असूनही किती सुंदर मराठी, मुसलमान असूनही किती शुद्ध... भाभी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पिढ्यान्पिढ्या याच मातीतला माणूस, हाडाचा कोल्हापूरकर, आणि त्याच्या भाषेचं कौतुक कशाचं, तर ती त्याला आली याचं! माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो आणि माइककडं धावलो. वायरीत पाय अडकला, मी हारांच्या टेबलावर, टेबल संजयवर. पडल्या पडल्याच ओरडलो, "अरे, तुम्हाला मराठी शिकवायला त्यांनी जन्म घालवला, आणि तुम्ही त्यांनाच पास करताय?" माइक बंद पडला होता, पण माझा आवाज नेसरीकडचा आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. सभा तिथंच संपली. घरी येताना सुजाता म्हणाली, "बरोबर बोललात. उभं राहून बोलला असता तर आणखी बरं झालं असतं." रेवा हसली नाही.

गेल्या आठवड्यात भाभींनी बोलावलं. सरांची पुढची खोली भाड्यानं द्यायची होती, ती आवरायला मदत हवी होती. मी रेवाला म्हटलं, "काय काय करायचं ते लिहून दे. मी मनानं काही करणार नाही." ती भडकली. "तुम्हाला जमणार आहे? तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं!" "ते माहीत असतं म्हणूनच सर मला नापास करायचे," मी म्हटलं. "आणि हे बघ, त्यांनी केलं ते चूकच. मी त्यांच्यावर चिडलोय, तूही चीड. पण त्यांच्या खोलीत मी माझ्या मनानं हात घातला तर काय होईल, तुला माहिताय."  ती उठली, कोरा कागद ओढला आणि पेन कागदात रुतेल असं लिहायला लागली.

आयुष्यभर लोकांनी मला मठ्ठ म्हटलं, पण मठ्ठ होणं किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणं नाही, नावांप्रमाणं लावायची. सदरे भाभींना विचारून, एकेक करून बाहेर काढायचे. मेजाचा खण रिकामा करायचा, मेज मागच्या खोलीत न्यायचं. प्रत्येक वाक्याला कर्ता, कर्म, क्रियापद. कुठं शंका म्हणून नाही. दोनदा माझा हात कागदाच्या पुढं गेला आणि दोनदा रेवा ओरडली, "लिहिलंय का?" भाभी पदर तोंडाला लावून बघत होत्या. कागद संपला. खोली मोकळी झाली. खिडकीपाशी सरांची वेताची खुर्ची तेवढी राहिली, बसून बसून खोलगट झालेली.

"खुर्चीचं लिहायचं राहिलं काय गं?" मी विचारलं.

"राहिलं नाही," रेवा म्हणाली. "ती हलवायची नाही."

भाभी म्हणाल्या, "अगं, पण भाडेकरू येणार की बाळा. त्याला काय सांगू मी?"

"मी लिहून देते," रेवा म्हणाली. त्याच खुर्चीत बसली, माझ्याकडून कागद परत घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहायला लागली. एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मी डोकावायला गेलो तर म्हणाली, "पप्पा, उजेड अडवू नका."

मी बाजूला झालो. माझा राग गेलेला नाही.