रुएदीचा बर्फाचा आठवडा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे रुएदी वेटश्टाइन त्या दिवशी अकराव्यांदा जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याची बायको मार्लीस बटाटे सोलता सोलता म्हणाली की फेब्रुवारी काही पळून जात नाही, आता बस. तो बसला आणि दोन मिनिटांत उठला. ऑक्टोबर अजून संपायचा होता आणि हा गृहस्थ तळघरात जाऊन स्कींना मेण लावून आला होता. तेही दोनदा.

चौतीस वर्षं रुएदीने विंटरथूरमधली एक शाळा सांभाळली. किल्ल्या, बॉयलर, फुटलेल्या काचा, अंगणातला बर्फ, सगळं त्याच्याकडे. शाळा बंद तेव्हाच त्याला सुट्टी. म्हणून सगळं कुटुंब दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, विंटरथूरच्या शाळांना बर्फाची सुट्टी लागली की, डोंगरात तारनूझला जायचं. घर तेच, उर्सिनाबाई कादुफ यांचं. शनिवारी निघताना किल्ली परत द्यायची, म्हणायचं, "पुढच्या वर्षी हाच आठवडा," आणि बाई पेन्सिलीने पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर नाव लिहायच्या. ना कागद, ना सही. तेवीस वर्षं असंच चाललं होतं.

घोटाळा झाला तो याच वाक्याने. त्याची मुलगी कोरिन लग्न करून लुझर्नकडे गेली होती, आणि तिकडच्या शाळा सुट्टी देतात ती फासनाख्तला, म्हणजे मुखवटे घालून ढोल-तुताऱ्या वाजवायच्या दिवसांत. फासनाख्त ईस्टरबरोबर मागेपुढे सरकतो. गेल्या खेपेला ईस्टर लवकर होता, दोन्हीकडच्या सुट्ट्या अगदी जुळल्या, आणि त्या आनंदात रुएदी निघताना नेहमीचं वाक्य बोलून मोकळा झाला. येत्या वर्षी ईस्टर उशिरा. लुझर्नची सुट्टी तीन आठवडे पुढे गेली. चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला हे सुचू नये, यावर मार्लीस दिवसातून एकदा तरी बोलायचीच.

एरवी कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण कोरिनची लेनिया आता पाच वर्षांची होती. रुएदीने आपली दोन्ही मुलं स्वतः स्कीवर उभी केली, मग मुलाची, विंटरथूरलाच राहणाऱ्या रोमानची, दोन पोरं. राहिली होती ही एकटी. गेल्या खेपेला तारनूझला पोचल्या पोचल्या तिला कांजिण्या आल्या आणि आठवडाभर ती खिडकीत बसून राहिली. आणि येत्या एकोणीस फेब्रुवारीला, म्हणजे लुझर्नची सुट्टी लागण्याआधीच, रुएदीचा उजवा गुडघा बदलायचा होता. मुलांना त्याने सांगितलं होतं की नव्या गुडघ्यावर बोकडासारखा उड्या मारीन. डॉक्टर म्हणाले होते ते वेगळंच. तुमची हाडं पाहता चाला, पोहा, सायकल चालवा, पण स्की विसरा. हे फक्त मार्लीसला ठाऊक होतं.

म्हणजे शिकवायचं तर याच हिवाळ्यात.

त्याने काय काय करून पाहिलं नाही? शाळा वर्षातून दोन दिवस कारण न विचारता सुट्टी देते, त्यांना जोकर म्हणतात. लेनियाच्या बालवाडीतही तीच पद्धत. शनिवार-रविवारला दोन जोकर जोडले की चार दिवस होतात, असं त्याने कोरिनला फोनवर समजावलं. ती म्हणाली, दोन्ही जोकर नवऱ्याच्या आजीच्या नव्वदीला खर्च झाले. मग बालवाडीच्या बाईंना पत्र लिहू का, असं त्याने विचारलं. कोरिन हसली.

"बाबा, एवढी घाई कसली आहे तुम्हाला? या खेपेला राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ ना सगळे."

पुढच्या वर्षी! त्याने फोन ठेवला आणि परत तळघरात गेला. मार्लीस मागोमाग आली.

"सांगून टाक तिला डॉक्टर काय म्हणाले ते."

"म्हणजे कीव करून येतील. नको."

"मग निदान उर्सिनाबाईंकडे तरी जाऊन ये. इथे माझं डोकं खाऊ नकोस. आणि त्या स्कींना आता हात लावशील तर बघ."

दुसऱ्या दिवशी तो आगगाडीने कूरला आणि तिथून पिवळ्या बसने तारनूझला गेला. गाडीत तीनदा जागा बदलली. डोंगर अजून तपकिरी होते. बाईंच्या घराच्या बारा पायऱ्या चढताना त्याला तीनदा थांबावं लागलं, आणि ते बाईंनी खिडकीतून पाहिलं होतं, हे त्यांनी कॉफी ओतताना ज्या तऱ्हेने दुसरीकडे पाहिलं त्यावरून त्याला कळलं. त्याने सगळी कर्मकथा सांगितली. विंटरथूरची शाळा, लुझर्नची शाळा, ईस्टर, जोकर. बाईंनी अक्रोडाच्या केकचा तुकडा पुढे सरकवला.

"रोमानच्या पोरांची शाळा कळली, लेनियाची कळली," त्या म्हणाल्या. "तुमची कुठली?"

"माझी?"

"तुम्ही कुठल्या शाळेत जाता, रुएदी?"

त्याने उचललेला केकचा तुकडा परत बशीत ठेवला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. किल्ल्यांचा जुडगा त्याने स्वतःच्या हाताने परत केला होता. वर्षाचे बावन्नच्या बावन्न आठवडे त्याचे होते, आणि त्यातला शाळा सांगेल तेवढाच तो मोजत बसला होता. लुझर्नच्या आठवड्यात रोमानला येता येणार नव्हतं, पण त्याला कोण अडवत होतं? त्याला हसूही आलं आणि स्वतःचा रागही.

बाईंनी पेन्सिल घेतली. लुझर्नच्या आठवड्यात खालचं छोटं घर रिकामं होतं, त्यात कोरिन, नवरा, पोर आणि हे दोघं मावले असते.

"लिहू ना दोन्ही आठवडे?"

रुएदीने दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. हा गुडघा एक आठवडा चालला तर पुष्कळ.

"एकच, लुझर्नचा," तो म्हणाला. "पण आधी रोमानला विचारतो."

बसथांब्यावरून त्याने आधी इस्पितळाला फोन केला. तारीख मार्चच्या मध्यावर गेली. मग रोमानला. पहिल्या आठवड्यात तुमच्याबरोबर मी नसेन, हे सांगताना त्याचा आवाज जरा चढलाच, भांडणाच्या तयारीत असल्यासारखा. रोमान भांडला नाही.

"बाबा, रागावू नका. दोन वर्षं झाली, पोरं प्रत्येक उतारानंतर खाली लिफ्टपाशी तुमची वाट बघत उभी राहतात. पंधरा-पंधरा मिनिटं. मीच त्यांना सांगितलं होतं, आजोबांना कळता कामा नये."

रुएदीला वाटत होतं की ती दमतात म्हणून थांबतात. दरवेळी खाली पोचला की तो त्यांना चिडवायचा, काय रे, एवढ्यात दमलात? आणि ती शहाणी पोरं मान डोलवायची. त्याचे कान तापले. त्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि समोरून बस आली तरी उठला नाही. बस गेली. पुढची एका तासाने होती.

त्या तासात त्याने कोरिनला सगळं सांगितलं. गुडघा, डॉक्टर, पुढचं वर्ष नाही ते. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली की छोटं घर घ्या, लगेच घ्या. मागून लेनिया फोन मागत होती. कोरिनने दिला.

"आजोबा, मला तूच शिकवणार?"

"मीच."

"तू खूप जोरात जातोस?"

"नाही गं. आता नाही जात."

"मग चालेल," लेनिया म्हणाली. "मी पण हळूच जाणार आहे."

तो उठला, आणि बाईंच्या बारा पायऱ्या परत चढू लागला. या खेपेला मध्ये चारदा थांबला, आणि खिडकीतून कोणी बघतंय का, ते त्याने पाहिलं नाही.