ओळीखाली फूटपट्टी

तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, आमच्या नगर परिषदेचं अंदाजपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एकमेव मनुष्य गेल्या महिन्यात वारला. गावाची भरून न येणारी हानी झाली आहे. गावाला ती अजून कळलेली नाही, ही गोष्ट वेगळी...

फोन आला तेव्हा मी मेहकरच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. भास्करभाऊ गेले. चहा तसाच राहिला. कितीतरी वर्षं आमची टेबलं लागून होती. माझ्याकडे आवक-जावक, त्यांच्याकडे अंदाजपत्रक. हा माणूस ओळीखाली लोखंडी फूटपट्टी धरून वाचायचा. फाइल तशीच, लग्नपत्रिका तशीच, बिस्किटाचा पुडाही तसाच. हॉटेलात त्यांच्या हाती मेनूकार्ड गेलं की आम्ही आपापल्या पोटाला धीर द्यायचो.

अशा माणसाच्या हातून चूक झाली. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, वहिनी दवाखान्यात होत्या आणि फूटपट्टी तिथेच त्यांच्या उशाशी राहिली होती. आमच्याकडे नवं अंदाजपत्रक म्हणजे जुन्याच प्रतीवर नवे आकडे. त्यात एक ओळ घसरली. कचऱ्याच्या ढकलगाड्यांची रक्कम स्वागत कमानीसमोर जाऊन बसली आणि ढकलगाड्यांसमोर आलं शून्य. सभेत रिवाजाप्रमाणे ‘वाचले असे समजून मंजूर’ झालं.

दोन महिन्यांनी सफाई कामगार गिरजाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या गाडीचं एक चाक गेलेलं; त्या चादरीत कचरा बांधून पाठीवर वाहत होत्या.

“भाऊ, नव्या गाड्या कवा येतीन? पाठ गेली माही.”

भाऊंनी अंदाजपत्रक काढलं, पट्टी ठेवली आणि एका ओळीवर थांबले. मग म्हणाले, “बाई, तुमची पाठ माह्यामुळं गेली.”

भाऊ चूक लेखी कबूल करायला निघाले, तेव्हा मुख्याधिकारी साहेबांनी समजावलं, पुढच्या वर्षी टाकू. मीही समजावलं. “भाऊ, कमानीच्या ठेकेदाराले सांगा चूक झाली म्हणून. तुम्ही काऊन लिहून देता? पेन्शन अडकन ना!”

“कमान पाठीवर घ्या लागत नाही बे,” ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं चूक लिहून दिली.

पुढचं सांगतानाही दम लागतो. दुरुस्ती सभेपुढं जायची होती. एक सभा गणपूर्तीअभावी तहकूब. दुसरी भांडणात. तिसऱ्या सभेत विषय शेवटचा, आणि तोवर लोक उठले. प्रत्येक वेळी भाऊ पट्टी घेऊन बसायचे, प्रत्येक वेळी तशीच घेऊन परतायचे. चौथ्या सभेत ते उभे राहिले आणि आरोग्य विभागाची ओळन् ओळ वाचू लागले.

एक सदस्य वैतागले. “भाऊ, वाचलं असं समजा ना! जेवण थंडं होऊन राह्यलं.”

“मागच्या खेपेस समजलं, साहेब. म्हणून तर आज उभा आहो.”

दुरुस्ती मंजूर झाली. भाऊंना नोटीस मिळाली, पेन्शन वर्षभर लटकली. बुलडाण्याच्या खेपा घालून त्यांच्या चपला झिजल्या, थोडे तेही झिजले. दरम्यान गाड्या आल्या, हिरव्या रंगाच्या. सकाळी गिरजाबाई फाटकाशी आल्या की भाऊ कचऱ्याचा डबा स्वतः घेऊन बाहेर यायचे आणि आधी गाडीची चाकं बघायचे.

परवा नगर परिषदेत शोकसभा झाली. टेबलावर फोटो, फोटोपुढं ती फूटपट्टी. शोकठराव मीच लिहिला होता, दोन पानं. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, कागद माझ्याकडून घेतला, उलटा ठेवला आणि सवयीनं म्हणाले, “ठराव वाचला असे समजून...”

मी मान खाली घातली. थकलो होतो, खरं सांगतो. एवढ्यात मागून, दाराशी उभ्या गिरजाबाईंचा आवाज आला.

“समजून काऊन, साहेब? वाचा ना!”