साखळीचा आवाज आणि चिंचणीची खोली

पालघरहून चिंचणीला जायचं तर आता काही विशेष करावं लागत नाही. गाडीने बोईसर, तिथून एसटी किंवा रिक्षा, आणि समुद्र. मी पहिल्यांदा गेले ते साठच्या दशकात, साइडकारमध्ये बसून. परवा एका वाचक मुलीने त्याविषयी विचारलं, म्हणून त्या एका दिवसाबद्दल लिहिते आहे.

तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझे यजमान मनोहर तारापूरच्या मोठ्या बांधकामावर गाड्या दुरुस्त करायच्या कामाला लागले होते. अजून कायम झाले नव्हते. बोईसरला इतर कामगारांबरोबर एका खोलीत राहत आणि रविवारी पालघरला घरी येत. सगळा आठवडा मी रविवारकडे डोळे लावून बसे. मग एका रविवारी ते म्हणाले, "चिंचणीला एक खोली आहे. बघून येऊ. तुला आवडली तर घेऊ." रात्री मला झोप लागली नाही.

त्यांची मोटारसायकल जुनी, लष्कराने मोडीत काढलेली. तिला डाव्या बाजूला साइडकार जोडलेली होती. थंडीचे दिवस होते. तुम्हीही थंडीतच जा, आणि सूर्य वर यायच्या आत निघा, म्हणजे वाटेत ताडाखाली ताजी नीरा मिळेल. आम्ही एकेक पेला प्यायलो. रस्ता खडीचा, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं. साइडकारमध्ये बसलेल्या माणसाला प्रत्येक खड्डा वेगळा कळतो. मी सारखी बोलत होते: खोलीत चूल कुठे मांडायची, पडदा कसला लावायचा. मनोहर समोर बघून हसत होते.

बोईसर तेव्हा म्हणजे स्टेशन, थोडी दुकानं आणि चहाची हॉटेलं. बाकावर बांधकामावरचे मजूर हिंदीत गप्पा मारत होते. भजी-पाव खाऊन आम्ही निघालो आणि गाव मागे पडताच गाडीतून आवाज येऊ लागला. कट्. थोड्या वेळाने परत कट्.

"अहो, काहीतरी वाजतंय."

त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. त्यांनी गाडी हळू केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कसं वाजतंय?"

मला वाटलं, ते माझी गंमत करताहेत. मेकॅनिक ते, आणि आवाज मला विचारतात. पुढे ओढ्यावरच्या मोरीपाशी उतार होता. तिथे त्यांनी क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. "आता येतोय का?"

"येतोय."

"मग इंजिन नाही, क्लचही नाही. त्याच्या मागचं काहीतरी. सावकाश जाऊ."

तसेच चिंचणीला पोचलो. खोलीची मालकीण मंजुळाबाई, मच्छीमाराघरची. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. खोली लहान, सारवलेली. खिडकीतून सुरूची झाडं दिसत आणि त्यांच्यामागे पाणी. मला ती दारातूनच आवडली.

मनोहरांनी मागचं चाक उचलून खाली दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली आणि चाकावर खडूने खूण केली. "सुमन, मी चाक फिरवतो. खूण वर आली की मोज. आवाज दर फेरीला येतो का सांग."

मी उकिडवी बसले. पहिली फेरी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी पुरी व्हायच्या आधी कट्. पुन्हा पाहिलं, तसंच.

"चाकाचं असतं तर दर फेरीला आलं असतं," ते म्हणाले. "गिअरबॉक्सचं असतं तर एका फेरीत कितीदा तरी. हे साखळीचंच. साखळी पूर्ण फिरायला दोनाहून जास्त फेऱ्या लागतात. कुठली तरी एक कडी जाम झालीय."

बोटांनी चाचपत त्यांनी ती कडी शोधली. चाकाच्या दातेरी चक्रावरून जाताना ती वाकत नव्हती, उडी मारत होती. मंजुळाबाई पाठीमागून म्हणाल्या, "तेल हवं काय? होडीला लावायचं मुशी माशाचं तेल हाय आमच्याकडं." मनोहर वळले नाहीत. बाईंनी परत हाक मारली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पोरी, याला ऐकू येत नाय काय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. रस्ताभर ते फक्त हसत होते. प्रत्येक प्रश्न विचारताना माझ्या ओठांकडे बघत होते.

तेल घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. कडी तेलाने मोकळी करता करता ते म्हणाले, "लहानपणी कान फुटला होता. डाव्याने काही ऐकू नाही येत. उजवाही कमी होत चाललाय. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून दुसरं टोक दातात धरलं की येतो आवाज. पण कामावर समजलं तर काढतील. म्हणून म्हणतो, खोली राहू दे. तू पालघरलाच बरी."

"मी नाही बरी," मी म्हणाले. "मला इथे राहायचंय."

त्यांनी कडी सुटी फिरेपर्यंत हलवली. मग मंजुळाबाईंना म्हणाले, "पहिल्या तारखेला येतो."

"या. आमी हावोच," त्या म्हणाल्या. भाडं आमच्या आवाक्यातलं होतं. जेवायला त्यांनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. अजूनही तिकडे कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर हॉटेल शोधू नका.

दुसऱ्याच दिवशी मनोहरांनी बांधकामावरच्या साहेबांना कानाचं आपणहून सांगितलं. साहेबांनी एक बिघडलेला पंप समोर चालू करून दिला. स्क्रूड्रायव्हर दातात धरून मनोहरांनी बिघाड सांगितला, आणि ते कायम झाले. त्या खोलीत आम्ही बरीच वर्षं काढली. पुढे उजवा कानही गेला, आणि काही वर्षांपूर्वी मनोहरही गेले.

पण त्या संध्याकाळी परत निघताना मी साइडकारमध्ये बसले नाही. तिथे मंजुळाबाईंनी दिलेले बोंबील ठेवले. मी मागच्या सीटवर बसले आणि मान पुढे काढून त्यांच्या उजव्या कानाशी बोलत राहिले. साखळीचा आवाज थांबला होता. पालघर येईपर्यंत मी बोलत होते आणि ते उत्तरं देत होते, मोठ्याने, वाऱ्यावर. घरी पोचलो तेव्हा माझा घसा बसला होता.

काय बोलले ते आता आठवत नाही. त्यांनी मान जराशी मागे कलती केली होती, एवढं आठवतं. एकही शब्द सुटू नये म्हणून.