ठरावातले सहा थाऊ

घट्ट बसलेल्या कुठल्याही गोष्टीवर आमच्या थोरल्या साडूंचा विश्वास नव्हता, आणि सैल बसलेल्या गोष्टीवर तर त्याहून नव्हता. मग या दोहोंच्या मध्ये जगात उरतं काय, असा प्रश्न तुम्हाआम्हाला पडेल. साडूंना पडत नसे. मध्ये 'प्ले' उरतो, असं ते सांगत, आणि तो किती असावा हे त्यांना इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक असे. या हजाराव्या भागाला मिस्त्री लोक 'थाऊ' म्हणतात. बाकीचे लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात. साडू फट मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा लावत. त्या पात्या त्यांनी दाराच्या फटीत घातल्या, लग्नात नवरदेवाच्या पाटाखाली घातल्या आणि एकदा आक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, भाकरीच्या पापुद्र्यातही घातल्या. "बावीस थाऊ," ते समाधानानं म्हणाले. आक्का म्हणाल्या, "खाताय, का ताट उचलू?" मी त्यांच्या गावी, ईटला, गेलो की ते मला कडकडून भेटत आणि लगेच हातभर मागं सरत. "साडू, लई चिकटलं की जाम हुतंय. लई लांब राह्यलं की खडखडतंय."

शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पण त्या वर्षांत पाऊस असा काही रुसला, की विहिरींत उपसायला पाणीच राहिलं नाही. इंजिनं बंद, म्हणजे ती बिघडणंही बंद. दुष्काळानं हात रिकामे झालेल्या लोकांना सरकारनं खडी फोडायला नेलं. साडूंनी निजामाच्या जमान्यातली एक विलायती मोटार घरी आणली. ती एका देशमुखांच्या गोठ्यात होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. बैल लावून ओढत आणलेल्या त्या गाडीसमोर उभं राहून त्यांनी आक्कांना शब्द दिला, "ह्याच गाडीतनं तुला उमरग्याला न्हेतो." उमरगा हे आक्कांचं माहेर, आणि माझी सासुरवाडी. तिथं आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघेही मामा म्हणत असू, ते दर दिवाळीला एसटीतून उतरलेल्या थोरल्या जावयाला विचारत, "गाडी कुठवर आली?" आणि साडू पाटावर बसता बसता सांगत, "झालंच मामा. फकस्त प्ले राह्यलाय." सात दिवाळ्या प्लेच राहिला होता.

हा प्ले क्रँकचा. इंजिनाच्या पोटातला हा जाडजूड दांडा गरगर फिरतो, पण फिरताना त्याला पुढंमागं सरकायला किंचित जागा लागते. ती अर्धगोल वॉशर घालून राखतात. चार ते आठ थाऊ ठीक. कमी झाली तर दांडा जाम, जास्त झाली तर वॉशर झिजून गळून पडतो आणि दांड्यासकट सगळ्या इंजिनाचं भंगार होतं. या गाडीचा दुसरा क्रँक तर आता विलायतेतही मिळण्यासारखा नव्हता. साडू ओसरीत इंजिन उलटं ठेवून पहारीएवढ्या स्क्रू-ड्रायव्हरनं क्रँक पुढं रेटत, मागं रेटत, फटीत पाती घालत आणि मान हलवत.

जाड वॉशर मिळवण्यासाठी शेवटी त्यांनी गावातल्या सहकारी सोसायटीची वाट धरली. तेव्हा आमच्या जिल्ह्यात सोसायटीशिवाय पानही हलत नसे. आणि झाडांना पानं नव्हती, तरी सोसायट्या होत्या. चेअरमनसाहेबांनी उदार मनानं वॉशर मागवून दिले. अट एकच, की सोसायटीच्या नव्या कार्यालयाच्या उद्घाटनाला ते याच मोटारीतून उतरणार. कार्यालय त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर होतं.

वॉशर आले ते जरा जास्तच जाड. ते घासून बारीक करायला सपाट काच हवी, म्हणून साडूंनी देवाच्या तसबिरीची काच काढली. काचेवर पॉलिश पेपर, त्यावर वॉशर, आणि बोटानं आठाचा आकडा काढत हलकेच घासायचं. घासायचे दोन थाऊ राहिले असताना चेअरमनसाहेब पाहणीला आले आणि ओसरीत उभे राहून सहकारावर बोलू लागले. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं कसं, म्हणून साडू खाली मान घालून ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता घासत राहिले. भाषण संपलं तेव्हा प्ले चौदा थाऊ झाला होता.

साडू तीन दिवस जेवले नाहीत. उद्घाटन तर तोंडावर आलेलं. तेव्हा संचालक मंडळानं तातडीची सभा भरवून प्रश्न सहकारी पद्धतीनं सोडवला. तो ठराव मी डोळ्यांनी वाचला आहे: 'सदर मोटारीच्या क्रँकचा प्ले सहा थाऊ मानण्यात यावा. एकमताने मंजूर.' खाली शिक्का. मग चार संचालकांनी हौसेनं इंजिन गाडीत बसवायला हात लावला. साडूंनी ते एकदा सुरू केलं, क्लच दाबला, क्रँक पुढं सरकल्याचा 'टक्' असा आवाज ऐकला आणि किल्ली खिशात टाकली.

"अहो, ठराव झालाय," चेअरमन म्हणाले.

"ठराव क्रँकला वाचून दावा. त्यानं ऐकलं तर म्या चालवतो."

उद्घाटनाला साहेब चालत गेले. ती चाळीस पावलं त्यांनी साडूंना कधी माफ केली नाहीत.

त्यानंतर महिनाभरानं मी ईटला गेलो असताना तार आली. मामा अत्यवस्थ, आक्कांना ताबडतोब पाठवा. सकाळची एसटी निघून गेली होती आणि पुढची दुसऱ्या दिवशी होती. आक्कांनी दोन लुगडी बोचक्यात बांधली आणि उंबऱ्यावर बसून गाडीकडे पाहू लागल्या. साडूही गाडीकडे पाहत होते. खिशातल्या पात्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"साडू, किती हाय प्ले?" त्यांनी मलाच विचारलं.

"चौदा, तुम्हीच तर..."

"सोसायटीनं सहा मंजूर केलाय," ते म्हणाले. "ठराव हाय. बसा."

क्लच दाबला की क्रँक नेमका त्या घासलेल्या वॉशरवर रेटला जातो, म्हणून साडूंनी क्लच न दाबता उमरगा गाठायचं ठरवलं. उतारावर मी गाडी ढकलली आणि धावत आत उडी मारली. गिअर ते इंजिनाचा आवाज ऐकून बदलत होते. थांबायचं म्हणजे क्लच आला, म्हणून थांबायचं नाही. वेशीपाशी चेअरमनसाहेबांनी मोटार पाहून दोन्ही हात वर केले. "साहेब हात करतायत," मी म्हणालो. "आपण बी करा," साडू म्हणाले. मी केला. तुळजापूरला आक्कांनी देवीला चालत्या गाडीतूनच हात जोडले. पण घाटात समोरून मेंढरं आली आणि साडूंना पाच वेळा क्लच दाबावा लागला. दर टक् ला ते कोणी आपल्याच दाढेवर हातोडी मारावी तसे डोळे मिटत.

मामा बाजेवर पडून होते. डोळे मिटलेले, पण कान जागे. दारात गाडी खडखडत थांबली तशी ते पुटपुटले, "एसटी न्हाय ही."

"न्हाय मामा. आपली गाडी," साडू म्हणाले. आक्का उशाशी जाऊन बसल्या.

"प्ले?"

ज्या माणसानं अर्ध्या थाऊचंही खोटं कधी सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, "सहा."

मामा हसले. ओठांच्या कोपऱ्यातून, तिखट, नेहमीसारखे. चौथ्या दिवशी ते गेले. ते चारही दिवस आक्का त्यांच्याजवळ होत्या.

गाडी परत बैलांनीच ओढत ईटला आणली. साडूंनी इंजिन उघडलं तेव्हा मी शेजारी होतो. वॉशर गळून तेलात पडला होता. क्रँक ओरबाडून निघाला होता. साडूंनी फटीत एक पाती घातली, मग दोन, मग सगळा जुडगा घातला. तरी फट उरली. ती गाडी पुन्हा चालणार नव्हती, हे मला कळलं. त्यांना तर वाटेतच कळलं असणार. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "किती?"

आत आक्का भाकरी थापत होत्या. तो आवाज साडूंनी कान देऊन ऐकला. पात्या पुसून खिशाला लावल्या.

"सहाच," साडू म्हणाले. "चला, जिवून घिऊ."