हेडक्लार्कची गळाची काठी

मी कुणाचं काही विसरत नाही. आई म्हणायची, या पोराच्या पोटात गेलेला राग जिरत नाय, मुरतो. खरं आहे.

मला जुन्या गळाच्या काठ्यांचा नाद. साध्या बांबूच्या नव्हेत. बांबूच्या सहा बारीक कामट्या तासून, सरसानं एकमेकींना चिकटवून, वरून रेशमी दोरा गुंडाळलेल्या. छावणीतले गोरे साहेब गेले आणि त्यांच्या काठ्या जुन्या बाजारात येऊन पडल्या. माझ्याकडं तीन होत्या. रविवारी पहाटे मुकुंदवाडीहून निघायचं आणि पैठणच्या धरणावर जाऊन बसायचं. दुष्काळात पाणी पार मागं हटलं होतं, बुडालेल्या गावाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तिथंच रोहू लागायचा. मासा ओढायला लागला की काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत वाकते आणि त्याची धडपड तळहाताला कळते. फायबरच्या काठीत ते सुख नाय.

आमच्या हपिसातल्या हेडक्लार्कलाही हाच नाद. त्यांच्या घरी कांदासुद्धा चालत नव्हता, म्हणून ते मासा धरून पुन्हा पाण्यात सोडायचे. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला अरे-तुरे.

एका शनिवारी सकाळी जुन्या बाजारातला चाचा मला म्हणाला, "परसों आव. तीन टुकड़ों की है, पीतल के जोड़ एकदम सलामत." अशी काठी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आनंद पोटात मावेना. हपिसात चहा पिताना हेडक्लार्कना सांगून बसलो. सोमवारी गेलो तर चाचा म्हणतो, "तुम्हारे साब कलच ले गए. बोले, तुमनेच भेजे."

माझं नाव सांगून नेली. मी विचारलं तर हसून म्हणाले, "अरे, तुझ्याकडे आहेत की तीन."

मनात म्हटलं, आपलेही दिवस येतील.

दोन वर्षांनी आले. हेडक्लार्कनी शेंद्र्याच्या बाजूला नवा फ्लॅट घेतला होता. नळाला आठवड्यानं पाणी, त्यामुळं गॅलरीभर ड्रम. काठी त्या ड्रमांमागं भिंतीला टेकून उभी राहिली आणि उन्हाळाभरात वाकली. ही काठी टांगून ठेवायची असते, एवढंही या माणसाला ठाऊक नव्हतं. मला म्हणाले, "तुमच्या लोकांना काठ्यांचं चांगलं कळतं. सरळ कशी करायची रे?"

तुमच्या लोकांना! माझा बाप मेंढरं राखायचा, हे त्यांना बरोबर आठवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मेंढरांमागची काठी आमच्यात विस्तवावर शेकतात, तेल पाजतात, गुडघ्याखाली दाबून सरळ करतात. माझ्या पहिल्या गळाच्या काठीला बापानं मायेनं तसंच केलं होतं. सरस वितळला आणि सहाच्या सहा कामट्या सुट्या होऊन हातात आल्या. म्हणजे काय होणार, मला पक्कं ठाऊक होतं. तरी सगळं नीट समजावून सांगितलं. "हात ठेववणार नाय इतकी तापू द्या, साहेब. घाई करू नका." त्यांनी कागदावर लिहून घेतलं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

पुढच्या सोमवारी ते माझ्या टेबलापाशी आले. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या कामट्या पुढ्यात ठेवल्या.

"माझ्याच हातून बिघडली," ते म्हणाले. "महिनाअखेर निवृत्त होतोय. जाताना तुला द्यायची होती. वाकडी कशी द्यायची, म्हणून..."

मी म्हणालो, "असू द्या, साहेब."

खोटं बोलले असणार. माझं नाव सांगून नेलेली वस्तू हा माणूस मलाच परत कशाला देईल? इतकी वर्षं मी हेच धरून चाललोय, आणि दुसरं काही मला कुणी सांगायला येऊ नये.